वाळू धुण्याचा परवाना

संपादकांनी "तुमच्या कुवेतच्या नोकरीबद्दल काहीतरी लिहा" असं सांगितलं, तेव्हा मी दोनदा नाही म्हटलं. लेखक म्हणून नाव छापून यावं असं माझ्याकडे काही नाही. मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि वर्गातल्या इतरांपेक्षा आठ-नऊ वर्षांनी मोठा आहे. आमच्या घरात माझ्याआधी कॉलेजात कोणी गेलेलं नाही. वडील गलबतावर खलाशी होते, त्यांना नकाशा वाचता यायचा पण वर्तमानपत्र नाही. शिवाय ज्या नोकरीबद्दल लिहायचं ती तरी काय, दुसऱ्यांचे अर्ज टाइप करायचे आणि त्यांना नियम समजावून सांगायचे. एवढ्यावर दिवाळी अंकाची पानं अडवणं मला अजूनही बरोबर वाटत नाही, वाचकांनी सांभाळून घ्यावं. लिहायला बसलो याचं कारण एकच. या कामात माझ्या हातून एक चूक झाली आणि तिच्यामुळे एका माणसाचं कुवेतमध्ये राहणं संपलं. ही चूक कोणत्याही दप्तरात माझ्या नावावर नाही. निदान एका ठिकाणी असावी.

मी कुवेतला गेलो तेव्हा एकोणीस वर्षांचा होतो. मॅट्रिक झालेला, टायपिंगची परीक्षा दिलेला. अबू फहद नावाच्या कुवेती गृहस्थांचं बाजाराच्या टोकाला एका खोलीचं ऑफिस होतं, तिथे मला लावून घेतलं. काम असं की परदेशी माणसाला सरकारकडून जो कागद हवा असेल तो आम्ही करून द्यायचा. इकामा म्हणजे तिथे राहण्याचा परवाना, गाडीचा परवाना, तंबू ठोकण्याचा, मासे धरण्याचा. अर्जाची अरबी बाजू नबील लिहायचा. तो पॅलेस्टिनी होता, अक्षर इतकं सुंदर की बलदियातले, म्हणजे नगरपालिकेतले, कारकून त्याचा अर्ज वरती ठेवायचे. इंग्रजी बाजू मी टाइप करायचो. आम्ही दोघे आपसात मोडकं इंग्रजी, थोडी अरबी आणि थोडी हिंदुस्तानी मिसळून बोलायचो. मला सगळे मुनशी म्हणत.

या सगळ्या परवान्यांत एक परवाना असा होता की त्याबद्दल सांगितलं तर कॉलेजातली मुलं मला थापाड्या म्हणतात. तो होता हौशी लोकांसाठी, सोन्यासाठी वाळू धुण्याचा.

कुवेतच्या जमिनीत सोनं नाही. पण त्या वर्षांत जुनं शहर पाडणं चाललं होतं. मातीची घरं, अंगाला अंग लागेल अशा गल्ल्या जाऊन तिथे रुंद रस्ते होत होते. सोनारांची एक जुनी गल्ली पाडली आणि तिची माती गाड्या भरून समुद्रकाठी नेऊन टाकली. सोनाराच्या दुकानाच्या जमिनीत कानशीचा कीस वर्षानुवर्षं मुरत असतो. आपल्याकडे झारेकरी सोनाराच्या दारातली माती झाडून नेतात आणि धुऊन त्यातलं सोनं काढतात, तसलाच हा प्रकार. भरतीचं पाणी त्या ढिगाऱ्यात शिरायचं, माती वाहून जायची आणि जड ते खाली वाळूत राहायचं. हे कोणाच्या तरी ध्यानात आलं. मग शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, तेल कंपनीतले गोरे साहेब, दवाखान्यातल्या नर्सबाया, आपले लोक, सगळे पसरट भांडी घेऊन गुडघाभर पाण्यात उभे दिसायला लागले. तेव्हा बलदियाने नियम केले.

नियम कडक वाटायचे, पण प्रत्येकाला कारण होतं आणि ते समजावून सांगणं हे माझं काम. हिवाळा सुरू झाला की मोसम उघडायचा आणि वसंत सरता सरता बंद व्हायचा, कारण नंतर त्याच किनाऱ्यावर गलबतं वर ओढून त्यांना मुशी माशाचं तेल चोपडत आणि फटी बुजवत. खलाशांच्या पायात कोणी नको असायचं. भांडं हातातलंच हवं, फावडं नको, पंप तर नकोच, कारण काठ खचला की नवा रस्ता खचेल. पाणी समुद्राचंच वापरायचं. पिण्याचं पाणी तिथे किती मोलाचं होतं ते इथे सांगून पटणार नाही. सुलैबियाच्या विहिरींचं मचूळ पाणीसुद्धा टाकीतून येई आणि जपून वापरलं जाई. कण सापडले तर ते तुमचे, पण विकायचे नाहीत, विकले की हौसेचा धंदा झाला आणि धंद्याचा परवाना वेगळा. नाणं किंवा दागिना सापडला तर तो पहारेकऱ्याकडे जमा. मुदतीबाहेर कोणी सापडला तर मात्र प्रकरण नुसत्या दंडाचं राहत नसे. त्या काळात आखातातून आपल्याकडे चोरून सोनं येत होतं हे सर्वांना माहीत आहे. परवान्याशिवाय खिशात सोन्याचे कण बाळगणाऱ्या हिंदी माणसाकडे तिथले अधिकारी कोणत्या नजरेने बघत असतील याची कल्पना करावी.

एक नर्स आली होती. पोहताना तिची अंगठी त्याच किनाऱ्यावर पडली होती. तिने विचारलं, "माझीच अंगठी शोधायला मला परवाना कशाला लागतो?" मी पुस्तक काढून नियम शोधायला लागलो. नबील मान वर न करता म्हणाला, "शोधायला नाही लागत, बाई. सापडायला लागतो." तिने परवाना काढला. दोन महिन्यांनी तिला अंगठी सापडली, पण दुसऱ्याच कोणाची. ती जमा करावी लागली तेव्हा आमच्या ऑफिसात बसून ती रडली. मी तिला चहा दिला. नियमात याहून जास्त काही करता येण्यासारखं नव्हतं.

दुसरं गिऱ्हाईक जॅकसाहेब. ऑस्ट्रेलियन, तेलाच्या विहिरी खणणारा, पन्नाशीचा, मान उन्हाने विटेसारखी झालेली. त्याचे आजोबा म्हणे नदीत सोनं धूत. त्याला किनारा नको होता, आत वाळवंटात पावसाळी ओढ्यात धुवायचं होतं.

मी म्हटलं, "साहेब, वाळवंटात सोनं नाही."

"तुला काय ठाऊक?"

"असतं तर तेल शोधणाऱ्यांना सापडलं असतं."

"अरे, तेल शोधणारा मीच आहे," तो म्हणाला आणि इतका मोठ्याने हसला की अबू फहद नमाजाच्या चटईवरून वळून बघायला लागले. शेवटी त्याने किनाऱ्याचा परवाना घेतला.

जॅकसाहेबाला धुवायला शिकवलं ते कासममामूंनी, आणि आता त्यांच्याबद्दल सांगायला हवं.

मामू माझ्या आईच्या गावचे, म्हणून मामू. एका बांधकाम कंपनीच्या मेसमध्ये स्वयंपाकी होते, कुवेतला मला येऊन वर्षही झालं नव्हतं तेव्हा त्यांना आठ झाली होती. आम्ही सहाजण एका खोलीत राहायचो. मेसमध्ये रोज मणभर तांदूळ लागे आणि तो खड्यांनी भरलेला असे. मामू तो परातीत घेऊन रोळायचे. पाण्यात परात अशी हलवायची की तांदूळ वर तरंगल्यासारखा सरकतो आणि खडा खाली राहतो. कोकणातल्या बायका रोळीने करतात तेच. वाळू धुण्याची कलाही एवढीच आहे. वरचं हलकं पाण्याबरोबर सोडून द्यायचं, शेवटी तळाशी काळी रेती उरते, आणि नशीब असेल तर त्या काळ्यावर एखादा पिवळा ठिपका. जॅकसाहेबाकडे परदेशातून मागवलेलं लोखंडी पसरट भांडं होतं. मामूंकडे मेसची जुनी परात. पहिल्या शुक्रवारी साहेबाला काही मिळालं नाही, मामूंना तीन कण मिळाले.

साहेबाने येऊन परात उलटीसुलटी करून पाहिली. मामू मला म्हणाले, "त्येला सांग भाच्या, भांड्यात काय नाय. मनगटात हाय. आणि घाई करतो तो. सोन्याला घाई चालत नाय, भाताला पण चालत नाय."

मी भाषांतर केलं. साहेब म्हणाला, "याला विचार, हा माझ्या कॅम्पावर येईल का स्वयंपाकाला?"

"विचारतोय काय बघ," मामू म्हणाले, "रोळायला शिकव म्हटलं तर आता रांधून पण घाल!"

पुढचे चार मोसम दोघे शेजारी शेजारी उभे राहत. एकमेकांची भाषा येत नव्हती. मी कधी जायचो आणि काठावर बसायचो. मामू कण एका औषधाच्या छोट्या बाटलीत ठेवत. त्यांना त्याचं काही करायचं नव्हतं. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "सहा दिवस दुसऱ्याच्या पोटासाठी परात हलवतो. एक दिवस उगाच हलवतो. तेवढंच."

आता चूक.

परवान्यावरची मुदत हिजरी महिन्यांत असे. मोसम हवामानाचा आणि तारखा चंद्राच्या, त्यामुळे बलदिया दर वर्षी नवी तारीख जाहीर करी. त्या वर्षी ती शव्वालची वीस होती. आखातात चंद्र आपल्याकडच्यापेक्षा बहुतेक एक दिवस आधी धरतात. ईदही तिथे एक दिवस आधी होते. आमच्या खोलीत यावरून दर वर्षी वाद होई. निम्मे म्हणत, जिथे राहतो तिथला चंद्र. मामू म्हणत, "घरची माणसं रोजे धरून बसली असताना मी हितं शिरखुर्मा खाऊ?" ते एक दिवस जास्त रोजा धरत आणि दुसऱ्या दिवशी एकटेच ईद करत, आम्ही त्यांची चेष्टा करत असू. खोलीत मुंबईहून आणलेलं कॅलेंडर होतं आणि मामूंचं सगळं त्यावर चाले. तसलंच दुसरं मी ऑफिसात माझ्या टेबलामागे टांगलं होतं.

जॅकसाहेबाच्या परवान्याची इंग्रजी बाजू टाइप करताना मी नबीलला विचारलं, "शव्वालची वीस म्हणजे इंग्रजी तारीख कोणती?" त्याने सांगितली, गुरुवार येत होता. मी ती टाइप केली. साहेबाचा कागद होता, चूक व्हायला नको म्हणून नीट विचारून घेतलं. मामूंना इंग्रजी येत नव्हतं, म्हणून त्यांच्या परवान्याला इंग्रजी बाजू नव्हती. मोसम सरत आला तेव्हा त्यांनी खोलीत जेवताना विचारलं, "भाच्या, मोसमाचा शेवटचा जुमा कंचा?" मी मान वळवून भिंतीकडे पाहिलं. मुंबईच्या कॅलेंडरावर शव्वालची वीस शुक्रवारी होती. "येणाराच," मी म्हटलं. साहेबासाठी मी विचारलं होतं, आणि आपल्या माणसासाठी भिंतीकडे पाहिलं. यावर मी बराच विचार केला आहे. त्याला आळसाशिवाय दुसरं नाव मला सापडलेलं नाही.

त्या शुक्रवारी साहेब आला नाही. मामूंना वाटलं, दमला असेल. ते एकटेच पाण्यात उतरले. दुपारी पहारेकरी आला, परवाना मागितला, वाचला आणि म्हणाला, "हे काल संपलं." मामूंनी त्याला बोटांवर दिवस मोजून दाखवले. त्याने खिसा तपासला, बाटली निघाली, आणि तो त्यांना परातीसकट घेऊन गेला.

मला संध्याकाळी कळलं. मी कॅलेंडरासमोर उभा राहिलो आणि एका मिनिटात सगळं समजलं. सकाळी अबू फहदना सांगितलं. ते वाईट नव्हते, माझ्याशी कधी वाकडं बोलले नाहीत. ते म्हणाले, "बलदियात चल, त्याच्यासाठी बोलू. पण तारीख आमच्या ऑफिसने चुकीची सांगितली असं तोंडातून काढू नकोस. तारखेसाठीच लोक आपल्याकडे येतात. ते गेलं की नबील घरी आणि तूही घरी."

मी तेव्हा कॉलेजसाठी पैसे साठवत होतो. अजून एक वर्ष लागणार होतं.

दुभाषा म्हणून नबीलही बरोबर आला, मामूंना तिथेच बसवून ठेवलं होतं. बलदियातला अधिकारी तरुण होता, चष्मा लावणारा, सौम्य. बाटली त्याच्या टेबलावर होती. चार मोसमांचं सोनं, मोहरीच्या चार दाण्यांएवढं. त्याने ती उजेडात धरली आणि नबीलला म्हणाला, "याला विचार, मुदतीची तारीख याला कोणी सांगितली?"

नबीलने माझ्याकडे बघून प्रश्न पुढे केला. मी तो मामूंना मराठीत सांगितला. माझ्याच तोंडाने. मामूंनी माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "कोणी नाय. मीच मोजली. सांग त्येला."

मी सांगितलं. नबीलने अरबीत केलं. अधिकाऱ्याने काहीतरी लिहून घेतलं, बाटली ठेवून घेतली, परात परत दिली.

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "मामू, मी सांगायला हवं होतं."

"मग सांगितलास का नाय?" ते म्हणाले. रागाने नव्हे. उत्तराची वाटही त्यांनी पाहिली नाही. थोडं चालल्यावर म्हणाले, "तू शिकणार हायस ना? मग शिक."

दोन दिवसांनी त्यांच्या कंपनीने त्यांचा इकामा रद्द केला. सोन्याच्या भानगडीतला माणूस नको, एवढंच कारण. पुढच्या आगबोटीचं तिकीट त्यांच्या हातात दिलं. धक्क्यावर मी पोचवायला गेलो. खोलीतले बाकीचेही होते. मामूंनी मला बाजूला घेऊन विचारलं, "भाच्या, तुना नियम सगळे ठावं. मना परत येता येईल काय कधी?"

मी म्हटलं, "नाही मामू. असं पाठवलं की नाव यादीत जातं. यादीतल्या माणसाला पुन्हा व्हिसा नाही."

त्यांनी मान डोलावली. पाच वर्षं मी लोकांना नियम सांगत होतो, त्याच आवाजात हाही सांगितला.

पुढे वर्षभराने मी परत आलो आणि कॉलेजात नाव घातलं. मामूंचं गाव आमच्या खाडीच्या पलीकडे. ते आता लग्नाच्या जेवणावळी रांधतात असं आईकडून कळलं. गेल्या वर्षी एका लग्नात भेटले. देगीच्या धगीने चेहरा लाल झाला होता. मला बघून हातातला झारा ठेवून दिला आणि मोठ्याने म्हणाले, "अरे, आमचा भाचा आला! बी.ए.वाला! ह्येला आधी वाढा!" मग शेजारी बसून सहज सांगितलं, की मुंबईचा एक एजंट आला होता, कुवेतला मोठ्या मेससाठी मुख्य स्वयंपाकी हवा होता, त्यांचंच नाव कोणीतरी सुचवलं होतं. "मी म्हटला, माझा नाव यादीत हाय, माझ्यापायी तुमचा कागद अडकायचा. दुसरा बघा. दुसऱ्याला नेला त्येनी."

घरी येऊन मी नबीलला पत्र लिहिलं. जे बलदियात बोललो नाही ते सगळं त्यात लिहिलं, आणि सोबत इंग्रजीत एक अर्ज टाइप करून पाठवला. तारखेची चूक माझी, कासम यांची नाही, तरी त्यांचं नाव यादीतून काढावं. खाली माझी सही. नबीलने त्याचं अरबी करून योग्य ठिकाणी द्यावं अशी विनंती केली. बरेच महिने उत्तर आलं नाही. अबू फहदनी अर्ज दाबला असेल असं वाटलं, ऑफिस बंद झालं असेल असंही वाटलं.

नबीलचं पत्र या पावसाच्या शेवटी आलं. मी ते खिशात घालून मामूंकडे जायला म्हणून दोनदा लाँचच्या धक्क्यापर्यंत गेलो आणि दोनदा परत आलो. तिसऱ्यांदा जाईनच, हा अंक छापून येण्याआधी जाईन. पत्रात त्याने लिहिलं आहे की अर्ज देण्याआधी तो स्वतः जाऊन त्या चष्मेवाल्या अधिकाऱ्याला भेटला. आता तो मोठ्या हुद्द्यावर आहे. त्याने त्या वर्षाचं पुस्तक मागवलं आणि दोघांनी मिळून पाहिलं. कासम या नावापुढे एवढंच लिहिलं होतं, 'समज दिली'. अधिकारी म्हणाला, एका दिवसाच्या चुकीला आम्ही कोणाला यादीत घालत नाही. इकामा कंपनीने रद्द केला, तो कंपनीचा प्रश्न. यादीही दोघांनी वरपासून खालपर्यंत वाचली. कासममामूंचं नाव तिच्यात नाही, आणि कधीच नव्हतं.